तलाठ्याचं नाव बदललं, सहा नंबरचं काय?

२०२४ साली सरकारनं तलाठ्याचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये अजून कोणी तसं म्हणत नाही. डोळखांबचा माणूस विचारतो, "भाऊसाहेब आलेत का आज?" धसईतही तेच. नावावरून भांडायचं काही कारण नाही. तलाठ्यांच्या संघटनेची ती जुनी मागणी होती आणि ती मान्य झाली, चांगलं झालं. पण या निमित्तानं एक गोष्ट लिहायची होती. गेल्या सव्वाशे वर्षांत गावच्या दप्तराशी संबंधित माणसं, पदं, कचेऱ्या चार-पाच वेळा बदलल्या. बदलला नाही तो फेरफाराचा कागदावरचा रस्ता. आणि दर बदलात, कागदावर न लिहिलेलं असं काहीतरी या रस्त्यावरून गळून पडलं. आज आपल्या तालुक्यांत जमिनीची जी भांडणं दिसतात, त्यातली निम्मी तरी त्या गळतीची आहेत असं माझं मत आहे.

आधी थोडी उजळणी करू. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सात नंबरात जमीन कोणाची, तिच्यावर बोजा कोणाचा, कूळ कोण. बारा नंबरात पीक. पण सातबारा हा निकाल आहे, खटला चालतो तो सहा नंबरात, म्हणजे फेरफार नोंदवहीत. बाप वारला, जमीन विकली, भाऊ वेगळे झाले, सोसायटीचं कर्ज काढलं, काहीही झालं की आधी सहा नंबरला नोंद पडते आणि ती मंजूर झाली की सातबाऱ्यावर येते. म्हणून जुनी माणसं सातबाऱ्यापेक्षा फेरफाराचा नंबर पाठ ठेवायची.

ही व्यवस्था आली १९०३ च्या मुंबई इलाख्याच्या हक्कनोंदणी कायद्यानं. त्याआधी इंग्रजांच्या सर्व्हेत सर्व्हे नंबरापुढे एकच नाव असायचं, जो सारा भरेल त्याचं. घरात वाटणी झाली, जमीन सावकाराकडे गहाण पडली, खंडानं दुसरा कसतो, यातलं काही सरकारच्या कागदावर नसायचं. सरकारला सारा मिळत होता तोवर त्याची फिकीरही नव्हती. भांडणं कोर्टात गेली की मात्र पुरावा कुठला, हा प्रश्न यायचा. १९१३ साली हीच तरतूद सुधारून जमीन महसूल कायद्यात घातली गेली आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत जवळपास तशीच आली. आज कलम १४९, १५० म्हणून आपण जे वाचतो त्याचा सांगाडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

तो सांगाडा मला अजूनही हुशारीचा वाटतो. हक्क मिळालेल्या माणसानं तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. ती तोंडी चालते, हे बघा, तोंडी. लिहिता न येणाऱ्या माणसाचा विचार कायद्यातच केलेला आहे. वर्दी मिळाली की तलाठ्यानं पोच द्यायची आणि सहा नंबरला नोंद घालायची. त्या नोंदीची नक्कल चावडीवर लावायची, संबंधितांना लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं. कोणी हरकत घेतली तर ती वेगळ्या वहीत, नमुना ६-अ मध्ये. हरकत असेल तर वरचा अधिकारी दोन्ही बाजू ऐकणार. नसेल तर सर्कल, म्हणजे आताचे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करणार. नोंद घालणारा एक, मंजूर करणारा दुसरा. हिशेबाच्या कुठल्याही कामात हा नियम लागतोच.

आता यात कागदावर न लिहिलेला भाग कुठला? ओळख. 'मयताचे वारस कोण' याचं उत्तर कायद्यात नाही, ते गावात आहे. आमच्या भागात कातकरी वाड्यांवर मुकणे, हिलम, वाघ, पवार ही आडनावं घरोघर. एकाच वाडीत एकाच नावाचे दोन-तीन पुरुष असणं नवलाचं नाही. त्यातला कोणता मेला, त्याची पहिली बायको कोण, कोणती मुलगी किन्हवलीला दिली आणि कोणती आसनगावला, हे पाटलाला ठाऊक असायचं, निरोप घेऊन फिरणाऱ्याला ठाऊक असायचं, चावडीवर बसलेल्या चार म्हाताऱ्यांना ठाऊक असायचं. नोटीस 'बजावली' असा शेरा लिहिण्यामागे हा सगळा गोतावळा होता.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. घाटावरच्या कथा ऐकून आपल्याकडेही लोक म्हणतात, पूर्वी वतनदार कुलकर्णी होता, मग तलाठी आला. देशावर ते खरं. तिथली कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, १ मे १९५१ पासून. ठाणे जिल्ह्यात मात्र तलाठी हा पगारी नोकर म्हणून खूप आधीच आला होता. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तो तसाच भेटतो. म्हणजे आपल्याकडे दप्तर लिहिणारा माणूस नेहमीच थोडा बाहेरचा होता, एकापेक्षा जास्त गावं सांभाळणारा होता. गावची ओळख त्याच्याकडे नव्हतीच, ती पाटील आणि वतनी गावकामगारांकडे होती. म्हणून पुढचा बदल आपल्याला जास्त लागला.

१९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं गेली. १९६२ च्या कायद्यानं महसूल पाटलाचं पद गेलं. दोन्ही गोष्टी व्हायलाच हव्या होत्या. महार वतन म्हणजे तुटपुंज्या इनामाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं होतं, म्हणजे ते जायला आणखी तीस वर्षं लागली. पाटीलकीनं कोणाची जमीन कशी फिरवली याच्या कहाण्या तर प्रत्येक गावात आहेत. ती व्यवस्था परत आणा असं कोणी शहाणा म्हणणार नाही.

पण संघटना बदलताना सरकारनं पदं मोजली, कामं मोजली नाहीत. पाटलाची पोलिसी कामं पोलीस पाटलाकडे गेली. वसुली तलाठ्याकडे. निरोप-नोटिशी कोतवालाकडे. 'हा माणूस कोण, याचं कोण कोण आहे' हे काम मात्र कोणाच्याच यादीत नव्हतं, कारण ते कधी काम म्हणून लिहिलंच गेलं नव्हतं. ते अलगद नाहीसं झालं. पंचनामा आणि प्रतिज्ञापत्र त्याच्या जागी आलं. प्रतिज्ञापत्रात जो वारसांची नावं सांगतो, त्याला त्यातून कोणाला वगळायचं हेही ठरवता येतं. बहुतेक वेळा बहिणी वगळल्या गेल्या.

याच सुमारास कूळकायद्याचा पूर आला. १९४८ चा कायदा, त्याची १९५६ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. आपल्या भागासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती हे नव्या पिढीला सांगावं लागतं. भाताची खाचरं, आणि वर डोंगरउतारावरची वरकस, जिथून राबासाठी पालापाचोळा आणि गवत यायचं, दोन्ही सावकार-जमीनदारांच्या नावावर होती आणि कसणारे कुणबी, आगरी, ठाकूर, कोळी, कातकरी.

कायदा चांगला, पण त्याची वाट बघा. ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण, म्हणजे प्रत्यक्षात तहसील कचेरीतली कूळ शाखा, किंमत ठरवणार. कुळानं ती हप्त्यानं भरायची. सगळे हप्ते भरले की ३२-म चं प्रमाणपत्र. ते नेऊन तलाठ्याकडे द्यायचं, मग फेरफार, मग सातबारा. किंमत ठरवणारं टेबल एक, नोंद घालणारं टेबल दुसरं, आणि या दोन टेबलांमधला कागद वाहणारा हमाल म्हणजे खुद्द कूळ. ज्यांचे हप्ते भरून झाले पण प्रमाणपत्र घ्यायचं राहिलं, किंवा प्रमाणपत्र पेटीत राहिलं आणि नोंद राहिली, त्यांची नावं इतर हक्काच्या रकान्यातच पडून राहिली. कब्जेदाराच्या जागी जुन्या मालकाचं, नंतर त्याच्या मुंबईतल्या नातवंडांचं नाव. जमीन कसायची तर कोण अडवत नव्हतं, म्हणून दोन पिढ्या कोणाला काही वाटलं नाही.

मग वरकसची दुसरी गोष्ट झाली. १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ ला लागू झाला आणि त्या तारखेला जे जे खाजगी वन होतं ते आपोआप सरकारचं झालं. 'आपोआप' हा शब्द इथे महत्त्वाचा. कायद्यानं जमीन त्याच दिवशी गेली, सातबाऱ्यावर मात्र पुढे कित्येक वर्षं कित्येक ठिकाणी काहीच फिरलं नाही. लोकांनी त्या जमिनी विकल्या, वाटल्या, गहाण ठेवल्या. एक दिवस सातबारा काढला तर त्यावर वन शासनाचं नाव.

मुंबईच्या विक्रोळी गावच्या अशाच जमिनीचा वाद गोदरेज कंपनीनं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९५० च्या दशकात वनखात्यानं काढलेली नोटीस आणि त्यावरून २००६ च्या सुमाराला सातबाऱ्यावर पडलेली नोंद. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावली पाहिजे आणि तिच्यावर म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. पन्नास वर्षं पडून असलेल्या नोटिशीवर जमीन वन ठरत नाही. निकाल सगळ्यांना लागू. पण तो मिळवायला गोदरेज लागले. आमच्या टोकावड्याच्या माणसाला प्रांत कार्यालयापुढचं कार्यालय दिसत नाही.

आता संगणक. आधी तालुक्याच्या ठिकाणी हस्तलिखित सातबारे संगणकात चढवले गेले. नंतर ई-फेरफार आलं, पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या देखरेखीखाली. २०१७ साली चावडी वाचनाची मोहीम झाली, हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा ताडून बघायची. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपयात मोबाईलवर सातबारा मिळतो, त्यासाठी खाडा करून शहापूरला जावं लागत नाही, हा फायदा लहान नाही. सातबारा काढायला लागणारे हेलपाटे ज्यांनी खाल्लेत त्यांना विचारा.

१९९० साली मायकेल हॅमर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचा एक लेख हार्वर्डच्या मासिकात आला होता, व्यवस्थापन शिकणाऱ्यांना तो अजून वाचायला लावतात. त्याचं म्हणणं असं की जुन्या कामाची पद्धत जशीच्या तशी संगणकावर चढवू नका, आधी ती पद्धतच मोडा. आपल्याकडे याच्या उलट झालं असं वरवर बघता वाटतं, कारण तेच नमुने, तेच पंधरा दिवस, तेच मंडळ अधिकारी. नीट बघितलं तर एका ठिकाणी पद्धत खरंच बदलली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती थेट फेरफारात येते. विकत घेणाऱ्याला वर्दी द्यायला तलाठी शोधावा लागत नाही. नोंदणीकृत दस्ताचा रस्ता एकदम गुळगुळीत झाला.

आणि ज्याला नोंदणीकृत दस्त नाही त्याचा? वारस नोंद, घरातली वाटणी, कुळाचं राहिलेलं ३२-म, वनहक्काचा पट्टा, जुनी चुकलेली नोंद. यातल्या प्रत्येकाला अर्ज करावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, पाठपुरावा करावा लागतो. ई-हक्क नावाची ऑनलाइन सोय आहे, पण ती वापरायला सेतूवाल्याला पैसे देणं आलं. परिणाम काय झाला, तर बाहेरून येऊन शहापुरात फार्महाऊसची जागा घेणाऱ्याची नोंद झपाट्यानं होते आणि आजोबांच्या नावची जमीन नातवाच्या नावावर यायला वर्षं लागतात. कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. जे सोपं होतं ते आधी संगणकावर गेलं, एवढंच. पण ज्याच्यासाठी तोंडी वर्दीची सोय केली होती तोच शेवटच्या रांगेत गेला.

चावडीवरच्या नकलेचंही तसंच. ती आता 'आपली चावडी' या नावानं संकेतस्थळावर दिसते. नाव ठेवणाऱ्याला विनोद करायचा नसावा. हरकतीची मुदत जाते ती कोणी न बघितलेल्या पडद्यावर. दगडी चावडीवर वाचता न येणाऱ्यालाही कळायचं, कारण कोणीतरी मोठ्यानं वाचायचं.

संगणकात चढवताना झालेल्या चुका दुरुस्त करायला कलम १५५ आहे, तहसीलदारांच्या आदेशानं. लेखनप्रमादासाठी ते कलम. पण इतर हक्कातलं कुळाचं नाव चढवायचंच राहिलं असेल तर तो लेखनप्रमाद की हक्काचा वाद? एक कचेरी एक म्हणते, दुसरी दुसरं. आणि कलम १५७ म्हणतं की अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. म्हणजे चूक यंत्रणेची आणि पुरावा द्यायचा शेतकऱ्यानं.

बारा नंबर तर २०२१ च्या १५ ऑगस्टपासून तलाठ्याच्या हातून निघून शेतकऱ्याच्या मोबाईलवर आला, ई-पीक पाहणी म्हणून. कल्पना वाईट नाही, तलाठी कचेरीत बसून सगळ्या गावाला 'भात' लिहायचा त्यापेक्षा बरी. पण शेतात उभं राहून फोटो काढायचा, आणि माळशेजच्या पायथ्याच्या किंवा कसाऱ्याकडच्या कित्येक वाड्यांत रेंज नाही. पीक नोंद नाही तर आधारभूत किमतीनं भात विकताना अडचण. मग तोच भात व्यापाऱ्याकडे कमी भावानं. अलीकडे सहायक नेमून ही पाहणी करायला लागलेत, म्हणजे तलाठ्याकडून काढलेलं काम फिरून माणसाकडेच आलं.

एक बदल राहिला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फुटला, पालघर वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याला जिल्हा जवळ आला. शहापूर आणि मुरबाड राहिले ठाण्यात, महानगरपालिकांच्या गर्दीत. शहापूरचा प्रांत भिवंडीला, मुरबाडचा कल्याणला, जिल्हाधिकारी ठाण्याला. मंडळ अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करायचं तर डोळखांबच्या माणसानं भिवंडी गाठायची, तारीख पडली की परत यायचं. तीन तारखा म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं. जिल्ह्याच्या विभाजनावर भाषणं खूप झाली, या अपिलाच्या रस्त्याबद्दल एक वाक्य कोणी बोललं नाही.

हे सगळं कधी अंगावर येतं? पैसा आला की. समृद्धी महामार्गाची जमीन घेताना शहापूर तालुक्यात ते दिसलं. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला. आजोबाचंच नाव असेल तर आधी वारस आणा. कूळ इतर हक्कात असेल तर मालकाची संमती आणा. चाळीस-पन्नास वर्षं ज्या मालकानं बांध पाहिला नाही त्याचे वारस त्या वेळी बरोबर हजर झाले. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, गाड्या धावायला लागल्या. भावकीतले वाद अजून धावतायत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली, मयत खातेदारांची नावं कमी करून वारस लावायची. मला ती या सगळ्या इतिहासात वेगळी वाटली, एका कारणासाठी. तिची पहिली पायरी संगणक नव्हती, चावडी वाचन होती. मयतांची यादी गावात वाचायची, मग वारसांनी कागद द्यायचे. म्हणजे साठ वर्षांपूर्वी गळून पडलेलं काम सरकारनं पहिल्यांदा काम म्हणून कागदावर लिहिलं. पण ती मोहीम होती, मुदतीची. काही गावांत वाचन मनापासून झालं, काही ठिकाणी सह्या घेऊन उरकलं. मोहीम संपली, आणि त्यानंतर मेलेल्यांचे वारस पुन्हा जुन्या रांगेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ते वाचन मोहिमेत ठेवू नका, फेरफाराच्या नेहमीच्या रस्त्यात घाला. दर ग्रामसभेत त्या तिमाहीतले प्रलंबित आणि मंजूर फेरफार तलाठ्यानं, किंवा नव्या नावानं म्हणायचं तर ग्राम महसूल अधिकाऱ्यानं, मोठ्यानं वाचावेत. नाव, गट नंबर, कशावरून नोंद, हरकतीची शेवटची तारीख. वारसात मुलींची नावं आहेत का, तेही तिथेच विचारलं जाईल. शहापूर आणि मुरबाडमधली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसामुळे ग्रामसभेला जमिनीच्या बाबतीत बोलायचा जास्तच अधिकार आहे आणि आदिवासींच्या जमिनीवर ३६-अ ची अट आहेच. नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एक ओळ लागते आणि ती घालायला सरपंचांकडे अर्ज द्यावा लागतो.

अर्ज देणार असाल तर आधी आपला ८-अ काढा, त्यावरच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा आणि त्यावर लिहिलेले जुने फेरफार नंबर उतरवून घ्या. त्या नंबरांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात मागता येतात. ३२-म चा कागद घरात असेल तर तो पेटीतून बाहेर काढा. आणि ज्यांच्या गावात २०१७ चं किंवा २०२५ चं चावडी वाचन खरोखर झालं, त्यांनी ते कसं झालं, किती चुका सापडल्या, हे गावाच्या नावासह खाली लिहा. बाकीच्या गावांना ग्रामसभेत दाखला द्यायला उपयोगी पडेल.